टॅपेट नव्हे, टायमिंग चेन!

केरीहून चोर्ला घाट चढताना बाईकच्या इंजिनातून खडखड येऊ लागली. पहिली धास्ती पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडची. पण रॉडचा ठोका जड, खोलवरचा, लोड पडला की वाढणारा. हा आवाज हलका, थ्रॉटल सोडला की जास्त. डिचोलीचा मेकॅनिक म्हणाला, टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) ढकलणारा भाग. इंजिन थंड असताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, टॅपेटचा गॅप बरोबर होता.

मग लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक सिलिंडरवर फिरवलं. डाव्या बाजूला, टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी इंजिनातली साखळी) असते तिथे, डब्यात साखळी हलवावी तसा आवाज! ही चेन ताणून धरणारा टेन्शनर काढला, तर त्याचा पुढे सरकणारा दांडा, प्लंजर, आतच अडकलेला, बोटाने हलेना. नवा टेन्शनर आणि गॅस्केट बसवताच खडखड थांबली. सैल चेनवर गाडी कृपया रेटू नका. चेन दातावरून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो.