कोचची खतावणी कशी लिहावी

कोल्हापुरात एका पतसंस्थेत मी बत्तीस वर्षं हिशेब लिहिले. त्याची खोड अजून गेलेली नाही. शाहू स्टेडियमच्या पायरीवर फुटबॉल बघत बसून कोणी म्हणालं, "अमका कोच लई भारी," की माझ्या तोंडून आपसूक निघतं, "आरंभीची शिल्लक किती होती?" भाचा वैतागतो. त्याच्या मोबाइलमध्ये जगातल्या कुठल्याही कोचचे सामने, विजय, टक्केवारी सगळं आहे. माझ्याकडे कापडी बांधणीच्या सात वह्या आहेत. दर कोचला एक पान, मोठ्याला दोन. पद्धत सोपी आहे, पण चिकाटी लागते. कोणाला करून बघायची असेल तर सांगतो.

पान आखताना चषकांचा रकाना सगळ्यात शेवटी ठेवा. आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो आणि तिथेच चुकतो. पहिली नोंद कोचच्या पहिल्या सामन्याच्या आधी करायची. गेल्या हंगामात संघ कितवा होता, कोण खेळाडू सोडून गेले, पैसा किती, सराव कुठे. ही आरंभीची शिल्लक. ती नंतर लिहायला गेलात तर निकाल माहीत असतो, आणि मग माणूस स्वतःच्याही नकळत आकडे फिरवतो.

खालिद जमीलचं पान बघा. 2009 पासून 2016 पर्यंत तो मुंबई एफसीचा कोच होता. मुलगी पुण्यात असल्यामुळे त्यांचे काही सामने मी बालेवाडीला पाहिले. प्रेक्षक तुरळक, स्टेडियम अवाढव्य, आणि खेळ असा की समोरच्याला चार पास सलग करू द्यायचे नाहीत, बाकी पुढचं पुढे. त्या काळातली माझी नोंद एका शब्दाची आहे : "कंटाळवाणं." चषकांचा रकाना कोरा. त्याच्या शेजारी एक गोष्ट लिहायला मात्र मी विसरलो होतो. तेवढ्या वर्षांत तो संघ आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल साखळीतून, एकदाही खालच्या श्रेणीत गेला नाही.

2016 मध्ये खालिद आयझॉलला गेला. त्याची आरंभीची शिल्लक तर उणेच होती. आयझॉल एफसी आदल्या हंगामात मैदानावर हरून खाली गेलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून आयझॉलला परत घेतलं गेलं. खालिदने मुंबईतून आशुतोष मेहता, जयेश राणे अशी ओळखीची पोरं सोबत घेतली आणि 2016-17 ची आय-लीग जिंकली. आयझॉल 37 गुण, मोहन बागान 36. ईशान्येकडे गेलेलं ते राष्ट्रीय लीगचं पहिलं विजेतेपद. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिली आणि खाली गेली.

मी जुनं पान काढलं आणि "कंटाळवाणं" या शब्दाखाली शाईने लिहिलं : "सात वर्षं टिकले, ते फुकट नव्हतं." मूळ शब्द खोडला नाही. खतावणीत खाडाखोड करायची नसते, दुरुस्तीची नोंद वेगळी करायची. शिवाय फुटबॉल कंटाळवाणं होतंच.

आता यातली मेख. कोच गेल्यावर संघ कोसळला म्हणजे कोच थोर, असं सूत्र इथून काढू नका. सर ॲलेक्स फर्ग्युसन 1986 ते 2013 मँचेस्टर युनायटेडला होते, तेरा वेळा लीग जिंकली, शेवटचीसुद्धा. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच हंगामात संघ सातवा. भाचा म्हणतो, बघ मामा, एका माणसावर सगळं चाललं होतं. मी म्हणतो, घरचा कर्ता गेल्यावर वर्षभरात घर बसलं, तर त्याने मागे ठेवलं काय हेही विचारायला नको का? अशा वेळी मी दोन्ही बाजूंना लिहितो. जमेला तेरा लीग, नावे बाजूला म्हातारा होत आलेला संघ. बेरीज तरीही डोंगराएवढीच येते, पण नावे बाजू कोरी ठेवायची नाही.

गोव्यातल्या धेंपो क्लबचं पान याहून अवघड आहे. आर्मांदो कुलासो यांनी तिथे बारा-तेरा वर्षं काढली. राष्ट्रीय लीग 2004-05 आणि 2006-07. तिचं नाव बदलून आय-लीग झालं, तर ती 2007-08, 2009-10 आणि 2011-12. पाच विजेतेपदं. इथे चषकाचं वजन करायला शिका. बाद पद्धतीचा चषक चार-पाच सामन्यांत हाती येतो. एखादी पेनल्टी, चिखलात घसरलेला एखादा गोलरक्षक, आणि झालं. लीगमध्ये कुठे अठरा, कुठे सव्वीस सामने. तिथे नशीब दोन्ही बाजूंना वाटलं जातं. म्हणून माझ्या वहीत लीग रुपयात आणि बाद चषक आठ आण्यात. पाच लीग, त्याही आठ हंगामांत, हा भारतात क्लब फुटबॉलमधला फार मोठा आकडा आहे.

कुलासोंनी 2013 मध्ये क्लब सोडला आणि 2015 मध्ये धेंपो खाली घसरला. मुंबईसारखीच गोष्ट दिसते ना? पण मधे 2014 ला इंडियन सुपर लीग सुरू झाली, पैसा आणि खेळाडू तिकडे वळले, गोव्याच्या जुन्या क्लबांचं सगळं गणितच बदललं. ही घसरण पूर्णपणे कुलासोंच्या गैरहजेरीच्या खात्यावर टाकणं लबाडी ठरेल. मी निम्मीही टाकलेली नाही.

त्यांच्या पानावर मला भावते ती अखेरची शिल्लक. कोच गेल्यावर चालत राहतं ते काय? त्याने घडवलेली माणसं. त्या धेंपोच्या संघातला समीर नाईक पुढे धेंपोचाच कोच झाला. महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात गेला. क्लिफर्ड मिरांडाने 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. मी त्या प्रत्येकाच्या पानावरून कुलासोंच्या पानाकडे एक बाण काढला आहे. वही उघडली की ते पान सुईदोऱ्याने शिवल्यासारखं दिसतं.

क्लिफर्डवरून एक कूटप्रश्न. 2020 च्या सुरुवातीला एफसी गोवाने आपले स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेरा यांना हंगाम संपत आला असताना दूर केलं. उरलेले थोडे सामने क्लिफर्डने हंगामी कोच म्हणून सांभाळले, आणि गोवा साखळीत पहिला आला. लीग शील्ड मिळाली. ती कोणाच्या नावावर टाकायची? भाच्याच्या मोबाइलला हा प्रश्न पडतच नाही, तिथे शेवटच्या दिवशी बाकावर कोण होतं ते बघतात. मी लोबेरांना चौदा आणे दिले, क्लिफर्डला दोन. त्यावरून पायरीवर दोन रविवार भांडण चाललं. तुम्ही वेगळी वाटणी करा, फक्त ती लिहून ठेवा. लोबेरा पुढच्याच हंगामात मुंबई सिटीला गेले, गोव्याचेच काही खंदे खेळाडू तिकडे आले, आणि शील्ड व चषक दोन्ही जिंकले. त्या पानावर आरंभीच्या शिलकीत मी ठळक लिहिलंय : "पैसा मुबलक." त्याने लोबेरा लहान होत नाहीत. पण खालिदचं आयझॉल आणि हे एका तागडीत घालू नये.

आता पराभवांचा रकाना. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण कोच काय चीज आहे हे तिथे कळतं.

सय्यद अब्दुल रहीम. आमच्या वडिलांचे रहीमसाहेब. वडील पोरगेले असताना मुंबईत गिरणीत होते, आणि 1950 ते 54 अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला, त्यातले सामने त्यांनी बाहेरच्या झाडावरून पाहिले. त्या संघाचे कोच रहीम. मूळ पेशा शिक्षकाचा. नुसत्या कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा त्यांनी हैदराबादेत भरवल्या होत्या. आमच्या पेठेतल्या मास्तरांनी कुठून तरी हे ऐकलं असावं, कारण ते आम्हाला तालमीच्या मागच्या भिंतीवर महिनाभर फक्त डाव्या पायाने बॉल मारायला लावायचे. भिंतीचा गिलावा गेला, माझा डावा पाय काही सुधारला नाही.

तर रहीमसाहेबांचे पराभव. 1952, हेलसिंकी ऑलिम्पिक : युगोस्लाव्हियाकडून 1-10. आपले कित्येक खेळाडू थंडीत अनवाणी. एवढीच नोंद वाचली तर कोणीही म्हणेल, हाकला या माणसाला. चार वर्षांनी मेलबर्नला उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने आधी गोल मारला, भारत पुढे होता. शेवटी 1-4 हरलो. दोन्ही वेळा हारच, पण या दोन ओळी एकाखाली एक लिहून बघा. दहाचे चार झाले, आणि मधे काही काळ आपण पुढे होतो.

इथे घसाराही धरायचा. मेलबर्नचा चौथा क्रमांक आपण अभिमानाने सांगतो, पण पहिल्या फेरीत हंगेरी आलाच नाही म्हणून आपल्याला पुढे चाल मिळाली. खरा विजय एकच, ऑस्ट्रेलियावर 4-2, त्यात नेव्हिलचे तीन गोल. हा घसारा लिहिल्याने रहीमसाहेबांचं मोल कमी होत नाही. पुढे कोणी हंगेरीचं नाव काढलं तर आपल्याकडे ते आधीच लिहिलेलं असतं, इतकंच.

आणि 1962, जकार्ता. आशियाई खेळांच्या गटात दक्षिण कोरियाकडून 0-2 हार. अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ, आणि सगळं स्टेडियम भारताच्या विरोधात. मधल्या दिवसांत कोचने काय केलं? बचावातला जर्नेल सिंग डोक्याला जखम होऊन टाके पडलेला. त्याला बसवायचं की खेळवायचं? रहीमसाहेबांनी त्याला पुढे, आक्रमणात उभं केलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, अंतिम सामन्यातही. अंतिम सामन्यातला आपला पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. भारत 2-1, सुवर्णपदक. कोचचा कर्करोग तोवर बळावला होता. 1963 च्या जूनमध्ये ते गेले. त्यानंतर फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही.

म्हणून नियम असा : तोच प्रतिस्पर्धी दुसऱ्यांदा समोर आला की दोन्ही सामने शेजारीशेजारी लिहा, आणि मधे कोचने बदललेली एक तरी गोष्ट शोधा. सापडली तर लाल शाईने. नाही सापडली तर "नशीब" लिहायला लाजू नका.

माणसांना विचारण्याचंही तंत्र आहे. माजी खेळाडू भेटला की आपण विचारतो, "सर कसे होते?" उत्तर ठरलेलं, "देवमाणूस." काही हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा, "तुला पहिल्यांदा बाहेर बसवलं तेव्हा काय सांगितलं?" आणि स्टारला सोडून राखीव गोलरक्षकाला विचारा, वर्षभर बाकावर बसणाऱ्याला. मैदानावर चुना मारणाऱ्याला विचारा. आमच्या पेठेच्या मास्तरांनी एकही फायनल जिंकली नाही, पण ज्याला ते बाहेर बसवत त्याच्या घरी संध्याकाळी चहाला जात. हे मला त्या बाहेर बसलेल्याकडून कळलं. मी स्वतः बहुतेक वेळा आत होतो, मला कुठून कळणार.

शाईचं शेवटी सांगतो. कोच पदावर असेपर्यंत सगळं पेन्सिलने लिहायचं. गेल्यावर पाच वर्षांनी बसून शाई फिरवायची. क्लाउडियो रानिएरींनी 2016 मध्ये लेस्टरला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं आणि 2017 च्या फेब्रुवारीत त्यांना काढलं. त्या दोन्ही दिवशी शाईने लिहिणाऱ्यांची पानं आज वाचवत नाहीत.

कौतुकाला मात्र पाच वर्षं थांबू नका. कुलासोंची शेवटची लीग 2012 ची, आणि द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला 2025 च्या जानेवारीत. सरकारी कामाला वेळ लागतो, मान्य. आपल्याला कशाला लागावा? पत्र लिहा. त्यात "आपण महान आहात" नको. अमुक सामन्यात साठाव्या मिनिटाला तुम्ही अमक्याला डावीकडे नेलंत ते मी पाहिलं, असं लिहा. मास्तरांना मी असं एक पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, पण ते गेल्यावर त्यांच्या मुलीने ते चष्म्याच्या डब्यात सापडल्याचं सांगितलं.

सध्या सातव्या वहीत खालिदचं दुसरं पान चालू आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये तो भारताचा कोच झाला. महिन्याभरातच ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियातल्या नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. भाच्याने त्या रात्री फोन करून सांगितलं, मामा, आता शाई काढ. मग 14 ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून 1-2, आणि आशियाई चषकाचं दार बंद. भाच्याचा पुन्हा फोन : खोडून टाक ते पान. मी पेन्सिलला टोक काढलं, आरंभीच्या शिलकीची ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि तिच्या खाली 1-2 लिहिलं.