वेगळ्या धाटणीचा कपडा फसतो कुठे? बेतण्यापासून लोकांच्या शेऱ्यांपर्यंत, या चुका टाळा

प्रयोग म्हणून शिवलेला कपडा पहिल्यांदा अंगावर चढला की समोरून येणारे शेरे जवळजवळ ठरलेले असतात. ‘हे उलटं घातलंय का?’, ‘खालची शिलाई राहून गेली वाटतं’, ‘डाग पडलाय का गं?’ आणि सर्वांत सभ्य म्हणजे ‘छान आहे, पण मला नाही शोभणार’. शिवणाऱ्याला हे शेरे टोचतात आणि लोकांना नवे काही कळतच नाही असे म्हणून तो ते झटकून टाकतो. बेतणे, शिवणे आणि शिकवणे यांत बरीच वर्षे गेल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे की, शेरा मारणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी त्याची नजर बहुतेक वेळा नेमक्या दोषावरच पडलेली असते. म्हणून पुढे चुका सांगताना त्यांच्यासोबत ते शेरेही दिले आहेत.

‘खालची शिलाई राहून गेली वाटतं’

हा शेरा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेल्या कपड्यावर हमखास येतो. पॅरिसमध्ये वेशरचनाकार मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात उरेब कापाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा मोह आजही प्रत्येक नवशिक्याला पडतो. व्हियोने लहानशा लाकडी बाहुलीवर कापड चढवून आधी त्याचा स्वभाव पाहत असत; आपण मात्र सकाळी कापतो आणि संध्याकाळी घेर दुमडून मोकळे होतो. उभ्या आणि आडव्या धाग्याला ४५ अंशांत कापलेले कापड स्वतःच्या वजनाने ताणत जाते, आणि ते सगळीकडे सारखे ताणत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी घेराचे एक टोक खाली आलेले दिसते. कंबर बेतून झाल्यावर कपडा निदान एक दिवस, आणि क्रेप किंवा जॉर्जेट असेल तर दोन दिवस, टांगून ठेवावा. मग जमिनीवर उभी पट्टी धरून खालून वर माप घेत घेराची खूण करावी. कंबरेपासून खाली मोजलेले माप येथे फसवते.

उरेब टिपेच्या आणखी दोन तक्रारी असतात. कापड ताणले जाते आणि दोरा ताणला जात नाही, म्हणून बसताना टीप तुटते. दोऱ्याचा ताण सैल करून अगदी अरुंद नागमोडी टीप घातली की हे थांबते. टीप पिळत असेल, तर शेजारच्या दोन कळ्यांपैकी (घेरासाठी जोडलेल्या तिरक्या तुकड्यांपैकी) एकीची कड उभ्या धाग्याकडे आणि दुसरीची आडव्या धाग्याकडे झुकलेली आहे का, हे पाहावे. असे असेल तर उसवून पुन्हा शिवण्यात अर्थ नाही, कळीच नव्याने कापावी लागते.

घेर मुद्दाम वर-खाली ठेवला असेल तरीही हाच शेरा येऊ शकतो, आणि तेव्हा चूक प्रमाणाची असते. दोन बोटांचा फरक चूक वाटतो. वीतभर फरक पाहणाऱ्याला हेतू म्हणून कळतो. प्रयोग करताना भीती वाटते म्हणून आपण तो जरासाच करतो, आणि नेमका तो जरासेपणाच कपड्याचा घात करतो.

येथे जपानी वेशरचनाकार रेई कावाकुबो यांचे उदाहरण हटकून दिले जाते. कॉम दे गार्सों या नावाने त्यांनी १९८१ मध्ये पॅरिसला कपडे दाखवायला सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षीच्या त्यांच्या काळ्या स्वेटरला जागोजागी भोके होती. त्या काळच्या फॅशन पत्रकारितेने या साऱ्याला थेट हिरोशिमाची उपमा देण्यापर्यंत मजल मारली. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. यावरून ‘आज हसतात ते उद्या डोक्यावर घेतील’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि माझे विद्यार्थी तो काढतातही. पण ती भोके पाडण्यासाठी विणण्याच्या यंत्राचे स्क्रू सैल केले गेले होते, म्हणजे बिघाडसुद्धा ठरवून आणि यंत्रातूनच आला होता. बाही जोडताना मुंढ्यात, म्हणजे बाहीच्या गोलाईत, पडलेली चुणी या पंक्तीत बसत नाही.

‘हे उलटं घातलंय का?’

शिलाईची माया, म्हणजे टिपेपलीकडचे जादा कापड, बाहेर ठेवण्याची पद्धत आता नवी राहिलेली नाही, तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण माया बाहेर आणली जाते आणि ती आतल्यासारखीच कच्ची सोडली जाते. जी कड दिसणार आहे तिला उरेब पट्टी लावावी, किंवा धागे सोडायचेच असतील तर कडेपासून ठरावीक अंतरावर आधी टीप घालून त्या टिपेपर्यंतच सोडावेत. एवढे केले की प्रश्न विचारणारी व्यक्ती बोट लावून कड पाहते आणि पुढचा प्रश्न कारागिरीबद्दल असतो.

कापड वाचले, कपडा गेला

नेहमीच्या कापणीत साधारण १५ टक्के कापड कतरणीत जाते असे मानतात, आणि ते शून्यावर आणण्याची हौस चांगलीच आहे. आपल्याला ती नवी असण्याचे कारण नाही. साडी आणि धोतर यांना कातरच लागत नाही, आणि जुन्या पद्धतीचा कुडता सरळ तुकडे, तिरक्या कळ्या आणि बगलेतला चौबगळा (चौकोनी जोड) यांतून कापड फारसे न गमावता उभा राहत असे. मात्र तो कुडता पन्ह्यावरून, म्हणजे कापडाच्या रुंदीवरून, सुचलेला होता. आज आपण आधी आकृती काढतो आणि मग ती कापडावर कोंबतो, त्यामुळे शेवटी उरलेला त्रिकोण कुठेतरी खिसा म्हणून डकवावा लागतो. असा खिसा पाहणाऱ्याला लगेच ओळखू येतो, कारण त्यात हात जात नाही.

आधी किनार सोडून पन्हा मोजावा. खणासारख्या अरुंद पन्ह्याच्या कापडात मोठ्या मापाचा रुंद मुंढा बसत नाही, तेव्हा बगलेत कळी घालायची हे पहिल्याच रेखाटनात ठरलेले हवे. दुसरे असे की, शून्य कतरणीचा नमुना एका मापासाठी जुळवला की तो दुसऱ्या मापाला तसाच वाढवता येत नाही, कारण एक तुकडा वाढला की शेजारचा घटतो. प्रत्येक मापाची बेतणी वेगळी करून ती आधी मांजरपाटावर, म्हणजे स्वस्त कोऱ्या सुती कापडावर, शिवून पाहावी. मांजरपाटाचे पैसे वाचवण्याच्या नादात रेशीम वाया घालवणारे मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यात मीही एकदा होते.

एका ग्राहक बाईंनी आईची रेशमी साडी जाकीट करायला आणून दिली होती. मी थेट बेतली. पहिल्या मापाच्या वेळी त्यांनी हात पुढे केले आणि पाठीवर, बरोबर घडीच्या जुन्या रेषेवर, कापड आवाज न करता चिरत गेले. त्या ‘राहू द्या’ एवढेच म्हणाल्या. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या रेषेवर ठिसूळ होते हे मला ठाऊक होते. मी फक्त तपासले नव्हते. कापड उजेडासमोर धरावे, घडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणून पाहावे, आणि जराही कुरकुर वाटली तर तो भाग कोपर, पाठ आणि बगल यांपासून दूर न्यावा. बाकीच्या तुकड्यांना पातळ सुती अस्तर सबंध भागावर कच्च्या टाक्यांनी जोडून मगच शिवावे. पदराला कातर लावण्यापूर्वी साडीच्या मालकिणीसमोर तो नुसता टाचणीने दुमडून दाखवावा आणि होकार दुसऱ्या दिवशी घ्यावा, कारण समोर बसलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणे जड जाते.

‘डाग पडलाय का गं?’

पानांचे ठसे उमटवलेल्या सुती कपड्याचे हे दुखणे आहे, आणि त्यात निम्मा दोष रसायनाचा, तर निम्मा जागेचा असतो. कोऱ्या कापडातली खळ धुण्याच्या सोड्यात उकळून काढली नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. सुताला आधी हिरड्याचे आणि मग तुरटीचे पाणी द्यावे लागते. रेशीम आणि लोकर एवढा हट्ट करत नाहीत. लोखंडाच्या पाण्याने ठसा काळसर आणि ठसठशीत होतो, पण ते जास्त झाले तर कापड कमकुवत होते. हळदीचा पिवळा रंग पहिल्या दिवशी कितीही मोहक दिसला तरी तो उन्हात उडतो आणि साबण लागताच लाल होतो, त्यामुळे विकायच्या कपड्यावर मी तो वापरतच नाही.

जागेचे म्हणाल तर, तपकिरी ठसा बगलेत, पोटावर किंवा बसण्याच्या जागी आला की तो डागच दिसणार. पाने मांडण्यापूर्वी कापडावर खडूने कपड्याचे भाग आखून घ्यावेत आणि या तीन जागा मोकळ्या सोडाव्यात.

चुणीदार कापडाबद्दल थोडक्यात. जपानी वेशरचनाकार इस्से मियाके यांनी १९९३ मध्ये आणलेल्या ‘प्लीट्स प्लीज’मध्ये कपडा अडीच ते तीन पट मोठा शिवून, कागदात धरून, उष्णतेने चुण्या पाडतात, त्या टिकतात कारण धागा पॉलिस्टरचा असतो. नुसत्या सुती कापडावर इस्त्रीने पाडलेल्या चुण्या पहिल्या धुण्यात जातात. अशा वेळी सूत सोडावे किंवा चुण्या टीप मारून बसवाव्यात.

‘छान आहे, पण मला नाही शोभणार’

हा शेरा उलगडायला सर्वांत कठीण, आणि तो ओढवून घेणारी चूक आपलीच असते. आपण कपडा उभ्या पुतळ्यावर दाखवतो आणि ‘कसा दिसतो?’ असे विचारतो, म्हणून उत्तरही दिसण्याचेच मिळते. त्याऐवजी तो कुणाला तरी घालायला द्यावा आणि जमिनीवर मांडी घालून बसायला, स्कूटरवर बसायला, बसमधला वरचा दांडा धरायला सांगावे. मग गप्प राहून हातांकडे पाहावे. घालणारी सारखी गळा वर ओढत असेल तर खांद्याचा उतार चुकला आहे. एका हाताने घेर धरून चालत असेल तर समोरची लांबी जास्त आहे. बसताना पाठ ताठ ठेवत असेल तर मागचा मुंढा अरुंद पडला आहे.

त्याहून चांगली तपासणी महिनाभर वापरलेल्या कपड्याची होते. तो परत मागवून उलटा करावा आणि बगलेतली टीप, घेराची दुमड आणि खिशाचे कोपरे पाहावेत. घालणारीने जिथे सेफ्टी पिन लावल्याची दोन बारीक छिद्रे दिसतील, तिथे पुढच्या कपड्याला टिचबटण लावावे.