एकाच व्यवस्थेतील दोन पंप एकमेकांपासून वेगळे कसे करावेत?

कोकणात खोल्या उबदार ठेवण्यासाठी बॉयलर लागत नाही; तो लागतो हॉटेलच्या न्हाणीघरांसाठी, धुलाईघरासाठी किंवा तरणतलावासाठी. बॉयलरचा एक पंप आणि या शाखांचे दोन-तीन पंप एकाच नळात जोडले, की मोठा पंप लहान पंपाचा प्रवाह दाबतो, आणि बॉयलर वरचेवर चालू-बंद होऊ लागतो. म्हणून दोन्ही बाजूंचे प्रवाह एकमेकांपासून मोकळे करावे लागतात.

उपाय निवडण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा तो पाण्याचा: दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांत मिसळले तर चालेल का? किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी मचूळ होते, आणि गरम पाण्यातील क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक छिद्रे पाडते. असे पाणी, किंवा तलावाचे क्लोरीनयुक्त पाणी, बॉयलरच्या बंद फेऱ्यात कधीही येऊ देऊ नये. तेथे प्लेट हीट एक्स्चेंजरच (दोन पाणी न मिसळता पातळ प्लेटांमधून उष्णता पोहोचवणारे साधन) हवा, आणि क्लोराइड जास्त असेल तर त्याच्या प्लेटा टायटॅनियमच्या घ्याव्यात. त्यात काही अंश तापमान घटते आणि खर्चही वाढतो. तरीही माझ्या मते किनाऱ्यावर येथे काटकसर करू नये. बंद राहणाऱ्या प्रत्येक बाजूला स्वतंत्र एक्स्पान्शन टाकी (तापून फुगलेले पाणी सामावणारी) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र लागतो.

दोन्हीकडे तेच स्वच्छ पाणी फिरत असेल, तर हेडर, म्हणजे दोन्ही बाजूंचे नळ ज्याला जोडतात असा रुंद उभा नळ, स्वस्त पडतो. १०० किलोवॅट उष्णता २० अंशांच्या फरकाने न्यायची तर प्रवाह सेकंदाला सुमारे १.२ लिटर, म्हणजे तासाला ४.३ घनमीटर होतो. हेडरमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटरच्या आसपास ठेवायचा असल्याने त्याचा व्यास सुमारे १२५ मिलिमीटर येतो. दोन प्रवाहांपैकी जो मोठा, त्यावरच हा हिशेब करावा.

शाखांचा प्रवाह बॉयलरच्या प्रवाहापेक्षा जास्त झाला, तर परतीचे थंड पाणी हेडरमध्येच वर मिसळते. बॉयलरकडून ८० अंशांचे ४ घनमीटर येत असेल, आणि शाखा ६ घनमीटर ओढून ६० अंशांनी परत देत असतील, तर त्यांना ७३ अंशांचेच पाणी मिळते. बॉयलरऐवजी हीट पंप (हवेतून किंवा पाण्यातून उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र) असेल, तर हे अधिकच महाग पडते, कारण ही घट भरून काढण्यासाठी त्याला जास्त तापमानावर चालवावे लागते आणि त्याची कार्यक्षमता घसरते. त्यामुळे आधी प्रवाह जुळवून घ्यावेत. मागणी कमी-जास्त होत असेल तर बफर टाकी, म्हणजे मधे गरम पाणी साठवणारी टाकी, बरी. कमीत कमी २० किलोवॅट देणारे यंत्र ५ किलोवॅटच्या मागणीवर निदान १० मिनिटे चालावे आणि तापमान ५ अंशांनीच बदलावे, यासाठी सुमारे ४३० लिटर लागतात.

जागा अगदीच कमी असेल तेव्हा जवळजवळ बसवलेल्या दोन टी (तीन तोंडांचे नळजोड) चालतात. त्यांच्यातील अंतर नळाच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त नसावे.

कोणताही हेडर बसवताना वर हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि तळाशी गाळ काढण्याची तोटी ठेवावी. तापमानाचा सेन्सर मात्र बॉयलरच्या नळावर न बसवता हेडरनंतर, शाखांकडे जाणाऱ्या नळावर बसवावा.