यादवी युद्धातल्या नवख्या शिपायाने घरी लिहिलेले पत्र कसे वाचावे

अमेरिकन यादवी युद्धाचा मुंबईशी असलेला संबंध आपल्याला शिकवला जातो तो कापसापुरता. १८६१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, मुंबईहून जाणाऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून शहरातल्या कित्येक बँका आणि समुद्रात भराव घालण्यासाठी निघालेल्या कंपन्या बुडाल्या. ज्या युद्धामुळे आपल्या शहरात चार वर्षे पैशाचा पूर आला, त्यात लढणाऱ्या मुलांनी आईबापांना काय लिहिले हे मुंबईकराने तरी वाचायलाच हवे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाने ‘व्हॅली ऑफ द शॅडो’ या संग्रहात व्हर्जिनियातील ऑगस्टा आणि पेनसिल्व्हेनियातील फ्रँकलिन या दोन परगण्यांतली, म्हणजे दक्षिण आणि उत्तर अशा दोन्ही बाजूंची, पत्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहेत. नवख्या वाचकाने तिथूनच सुरुवात करावी.

पत्र हाती घेतल्यावर मजकुराकडे धावू नये. आधी तारीख पाहावी. छावणीत बसून लिहिणारा मुलगा वर्ष लिहायला हमखास विसरतो, मात्र वार लिहितो, आणि तेवढ्यावर आपले काम भागते. समजा, माथ्यावर ‘रविवार, २१ जुलै’ एवढेच आहे. १८६१ मध्ये २१ जुलैला रविवार होता. १८६२ मध्ये त्या तारखेला सोमवार येतो, १८६३ मध्ये मंगळवार, आणि १८६४ हे लीप वर्ष असल्यामुळे गुरुवार. म्हणजे हे पत्र १८६१ चेच, आणि तो तर बुल रनच्या पहिल्या लढाईचा, म्हणजे या युद्धातल्या पहिल्या मोठ्या लढाईचा, दिवस. एप्रिलमध्ये लिंकन यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ७५,००० स्वयंसेवक मागवले होते, त्यांच्यापैकी अनेकांची मुदत याच सुमारास भरत आली होती. तेव्हा पत्रात ‘लवकरच घरी येईन’ असे वाक्य आढळले तर ती केवळ आईची समजूत घालण्याची भाषा नसून हिशेबाने बांधलेली आशा असू शकते.

पाकीट उपलब्ध असेल तर तेही नीट न्याहाळावे. उत्तरेत साध्या पत्राला तीन सेंट लागत. परंतु शिपायांना तिकिटे मिळेनात म्हणून १८६१ च्या जुलैमध्ये त्यांना तिकिटाविना पत्र टाकण्याची मुभा मिळाली, आणि आपल्याकडच्या नॉटपेड पत्राप्रमाणे ते पैसे घरच्यांनी पत्र सोडवून घेताना भरायचे असत. दक्षिणेत आधी अंतरानुसार पाच किंवा दहा सेंट घेत, १८६२ च्या जुलैपासून सरसकट दहा. तिथे कागदाची इतकी चणचण झाली की वापरलेले पाकीट उलटून पुन्हा चिकटवत, भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाचीही पाकिटे करत. दोन्हीकडे एक युक्ती मात्र सारखीच दिसते: पान भरले की ते आडवे फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात नव्या ओळी लिहायच्या. असे पान पडद्यावर आले तर चित्र फिरवून एका वेळी एकाच दिशेच्या ओळी वाचाव्यात.

यानंतर पत्र मोठ्याने वाचावे. ही सूचना मी आग्रहाने करतो, कारण यातली बरीच मुले शेतावरून आलेली, शाळा जेमतेम झालेली, आणि कानाला ऐकू येईल तसे लिहिणारी होती. इंग्रजीत ‘राइट’ म्हणजे लिहिणे या शब्दातला आरंभीचा ‘डब्ल्यू’ किंवा ‘नो’ म्हणजे जाणणे यातला ‘के’ त्यांच्या लेखणीतून सहज गळतो, पूर्णविराम तर शोधूनही सापडत नाही. डोळ्यांना जे अगम्य वाटते ते उच्चारल्याबरोबर उलगडते, आणि श्वास जिथे थांबतो तिथे वाक्य संपलेले असते. उतरवून घेताना मात्र एकही अक्षर सुधारू नये; शंका असलेला शब्द चौकटी कंसात घालावा आणि पुढे जावे.

सुरुवातीची ठरावीक वाक्ये गाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि सर्वांत मोठी चूक तिथेच होते. ‘मी लेखणी हाती घेऊन कळवतो की मी बरा आहे आणि या चार ओळी पोचतील तेव्हा तुम्हीही तसेच असाल अशी आशा आहे’ अशा अर्थाचे वाक्य त्या काळच्या असंख्य पत्रांत भेटते. आपल्या ‘पत्रास कारण की’ आणि ‘इकडील सर्व खुशाल’ यांचेच ते भावंड. हे साचे पाठ असतात, म्हणूनच ते जिथे मोडतात तिथे बातमी असते. माझे थोरले मामा १९६५ साली फौजेत होते, आणि त्यांचे अंतर्देशीय पत्र लालबागच्या चाळीत शेजारचे मास्तर आजीला वाचून दाखवत. एकदा ‘सर्व खुशाल’ हे शब्द एकाच पत्रात दोनदा आले. आजीला वाचता येत नव्हते, तिने पत्र हातात घेतले, ‘ळ’ वर बोट ठेवले आणि म्हणाली, “मास्तर, ह्यो हात माझ्या लेकाचा न्हाई.” उजव्या पंजाला दुखापत झाल्यामुळे मामांनी ते सोबत्याकडून लिहवून घेतले होते, हे महिन्याभराने कळले.

तेव्हा ‘बरा आहे’ नंतर काय येते ते पाहावे. या युद्धात मेलेल्या शिपायांपैकी सुमारे दोन तृतीयांश रोगांनी गेले, आणि खेड्यातून प्रथमच गर्दीत आलेल्या नवख्यांना छावणीतच गोवर, विषमज्वर आणि हगवण गाठत असे. तंबूतला कोण आजारी पडला, कोणाला इस्पितळात नेले, ही माहिती लढाईच्या वर्णनाइतकीच जपून टिपावी.

अक्षर कोणाचे आहे हा प्रश्न कृष्णवर्णीय शिपायांच्या पत्रांत अधिकच महत्त्वाचा ठरतो. उत्तरेच्या फौजेत असे सुमारे १,८०,००० जण होते. त्यांतल्या पुष्कळांना गुलामीत लिहिण्यावाचण्याची बंदी होती, म्हणून ते सांगत आणि दुसरा लिहीत असे. मुंबईच्या जीपीओसमोर ताडपत्रीखाली बसणारे पत्रलेखक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. पत्रात पगाराची तक्रार आली तर तिचे कारण ठाऊक असावे: गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत, तर यांना १० डॉलर आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापले जात. १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पगार समान करण्याचा कायदा केला.

न लिहिलेले कसे वाचावे, हे सर्वांत अवघड. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत असे, आणि त्यांतला बराचसा मजकूर आज सेन्सॉरने करवलेल्या इंग्रजी भाषांतरातूनच आपल्यापर्यंत येतो. यादवी युद्धात अशी पद्धतशीर तपासणी नव्हती. त्यामुळे भीतीचा उल्लेख नसेल तर तो बहुधा शिपायानेच आईसाठी टाळलेला असतो. शत्रूच्या हद्दीतून पांढऱ्या निशाणाखाली पोचवली जाणारी पत्रे, विशेषतः कैद्यांची, मात्र वेगळी धरावीत. ती एका पानाची आणि उघडी द्यावी लागत.

घरून आलेली पत्रे कूच करणाऱ्या शिपायाला जपता आली नाहीत, म्हणून दुसरी बाजू उत्तरांतूनच ऐकावी लागते. ‘लाल गाय विकू नका’ असे वाक्य आले की घरी पैसा संपला आहे आणि त्याचा पगार पोचलेला नाही, अशी शक्यता टिपून ठेवावी.

मराठीत उतरवताना ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ घालू नयेत. पण वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ खुशाल म्हणावे, कारण आपल्या कानाला जवळीक तशीच कळते. कित्येक जण बायकोच्या पत्राखालीही पूर्ण नाव लिहीत. ते तसेच ठेवावे.

त्याच नावावरून आणि पलटणीच्या क्रमांकावरून अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या यादीत शिपायाची नोंद शोधता येते, तिथून पलटणीचा इतिहास आणि पुढे त्याचे काय झाले याचाही माग लागू शकतो. हा शोध सगळी पत्रे वाचून झाल्यावरच घ्यावा. लिहिताना त्या मुलाला आपला शेवट ठाऊक नव्हता, आणि तो आधी कळला की त्याच्या गायीची, पगाराची आणि गोवराची वाक्ये आपण पुन्हा त्याच्या कानाने ऐकू शकत नाही.