यादवी युद्धातला घोडदळाचा कोट घरात निघाला, तर या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियात माझ्या जावयाच्या आजींच्या घरी माळ्यावर एक जुनी ट्रंक होती. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात त्यांचे एक पूर्वज उत्तरेच्या घोडदळात अधिकारी होते. त्यांचा गडद निळा कोट, किरमिजी रेशमी कमरपट्टा, तलवार, पिस्तूल, पत्रं आणि एक फोटो, सगळं त्या ट्रंकेत. मळकं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी कोटाचं एक बटण पितांबरीने घासलं. दोन मिनिटांत त्याचा सोनेरी मुलामा निघून गेला आणि खालचं पितळ उघडं पडलं. ते बटण आज उरलेल्या आठांपेक्षा वेगळं दिसतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण बटणाच्याही आधी पिस्तुलाकडे बघायला हवं होतं. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि गोळी चक्राच्या पुढच्या तोंडातून ठासून भरत. कोणी ते भरलेलंच ठेवून दिलं असेल, तर दीडशे वर्षांनंतरही ती काळी दारू पेट घेऊ शकते. घोडा ओढून बघू नका, मुलांच्या हातात देऊ नका. नळी माणसांपासून दूर ठेवा आणि जुनी शस्त्रं हाताळणाऱ्या जाणकाराला आधी दाखवा. तलवारीला धार लावायचाही मोह नको. पात्यावर मुठीजवळ कारखान्याचं नाव कोरलेलं असतं, घासण्यात तेच पुसलं जातं.

कोट धुणं

ही सगळ्यात मोठी चूक. बाहेरची बनात लोकरीची, अस्तर बहुधा रेशमी किंवा सुती, खांद्यावर कलाबतूचं काम. पाण्यात प्रत्येक कापड वेगळं आटतं, रंग उतरतो, जुनं रेशीम चिंध्या होऊन सुटतं. ड्रायक्लीनिंगही नको. बगलेतला घामाचा डाग, काठाचा चिखल, कुठे रक्ताचा डाग असेल तर तोसुद्धा, हा त्या माणसाचा पुरावा आहे. एकदा गेला की परत येत नाही. धूळ काढायची तर कोटावर बारीक जाळी धरून व्हॅक्यूम क्लीनर अगदी मंद चालवा, एवढंच.

भोक दिसलं की घरातले म्हणतात, ‘इथे गोळी लागली.’ बहुतेक वेळा ती कसर असते. कसर कडा वेड्यावाकड्या कुरतडते, एकाच जागी थांबत नाही आणि अस्तर सुती असेल तर ते सहसा सोडून देते. गोळी आरपार गेली असेल तर बनात आणि अस्तर दोन्हींत एकाच रेषेत भोक हवं.

कसर जिवंत असल्याची शंका आली तर डांबरगोळ्या टाकू नका. कोरडा कोट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर कापडावर दव धरतं.

ओळखण्यातल्या चुका

निळा कोट म्हणजे युद्धातलाच, असं नाही. १८६६मध्ये उत्तरेच्या निवृत्त सैनिकांनी ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना काढली. तिचे सभासद पुढे कित्येक वर्षं समारंभांना निळे कोट घालत. माळ्यावर निघतात त्यांतले बरेच कोट हेच. म्हणून बटणं बघा. घोडदळाच्या अधिकाऱ्याच्या बटणावर गरुड आणि त्याच्या ढालीवर इंग्रजी ‘सी’ अक्षर असतं. कॅप्टन आणि लेफ्टनंटच्या लांब कोटाला एकेरी रांगेत नऊ बटणं. मेजर ते कर्नल यांना दोन रांगा, प्रत्येकीत सात. खांदेपट्टीचा मधला भाग पिवळा असेल तर घोडदळ, लाल असेल तर तोफखाना. मात्र अधिकारी स्वखर्चाने शिंप्याकडून गणवेश शिवून घेत, म्हणून थोडा फरक दिसला तर लगेच नकली ठरवू नका.

त्याच संघटनेच्या बिल्ल्यामुळे तर फार घोटाळा होतो. पाच टोकांचा तारा, वर गरुड आणि झेंड्याच्या रंगांची फीत: जुन्या ‘मेडल ऑफ ऑनर’ या अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकासारखाच. हे साम्य इतकं होतं की १९०४मध्ये लष्कराने पदकाचाच नमुना बदलला. खऱ्या पदकामागे ‘द काँग्रेस टू’ असं लिहून पुढे नाव कोरलेलं असतं. आणि ते खरंच निघालं, तर अमेरिकेत ते विकणं गुन्हा आहे.

फोटोचं वेगळंच. आजींच्या घरी सगळे त्या पूर्वजांबद्दल सांगत, ‘ते डावखुरे होते’, कारण फोटोत तलवार उजव्या कमरेला आहे. लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप आरशासारखे उलटे येतात, काचेवरचेही बरेच. कोटाची बटणपट्टी बायकांच्या कोटासारखी उलटी दिसली की समजा, चित्र उलटं आहे. काचेवरचा फोटो ओल्या फडक्याने कधीही पुसू नका, चित्राचा थरच निघून येईल. कागदी फोटोच्या मागे महसुली तिकीट असेल तर तो बहुतेक सप्टेंबर १८६४ ते जुलै १८६६मधला, कारण तेवढाच काळ फोटोंवर कर होता. ते तिकीट सोलून काढू नका.

ठेवण्याबद्दल थोडकंच. पैठणी एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली तर घडीवरच विरते, तसाच हा कोट. तारेच्या हँगरवर टांगू नका. आम्लरहित कागदाच्या सैल गुंडाळ्या बाह्यांत आणि घडीत भरून रुंद खोक्यात आडवा ठेवा. पत्रांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. फ्रेम करून उन्हासमोर लावलेला कोट काही वर्षांत फिका पडतो.

भावाभावांत वाटणी करताना तलवार एकाकडे, कोट दुसऱ्याकडे आणि पत्रं तिसऱ्याकडे जातात. मग तलवार कोणाची, हे तिसऱ्या पिढीला कळायचा मार्ग उरत नाही. निदान वाटणीआधी सगळं एकत्र मांडून फोटो काढा आणि सुती फितीवर नाव लिहून कोटाच्या अस्तराला सैल टाक्याने शिवा. टाचणी गंजते.

आमच्या खोक्यात आता दोन कागद आहेत. एकावर आजींनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत, तारखेसह: घरात त्या पूर्वजांना सगळे ‘कर्नल’ म्हणत. दुसऱ्यावर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवलेली सेवानोंद: कॅप्टन, आणि अखेरीस मानद मेजर. आजींना दोन्ही वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, दोन्ही ठेवा.