धूम्रपान सोडायचे कसे: बिडी आणि सिगार ओढणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या समारंभात हौसेने सिगार पेटवणारा आणि परभणीकडच्या शिवारात रात्रीच्या लाइटवर गव्हाला पाणी देताना बिडी ओढणारा, हे दोघेही आपल्या समर्थनार्थ जवळपास एकच गोष्ट सांगतात: आम्ही काही सिगारेट ओढत नाही. वस्तुतः मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते आणि तिचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे तो छातीत ओढला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. बिडीत तंबाखू थोडी असते खरी. परंतु टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नसल्याने ती सारखी विझू पाहते, पेटती ठेवण्यासाठी झुरके भराभर आणि जोरात घ्यावे लागतात, आणि त्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड छातीत अधिक जातात. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, तर निकोटिन त्याच वेळी नाडी आणि रक्तदाब वाढवते. म्हणजे हृदयाला कमी प्राणवायूवर जास्त काम करावे लागते.

‘दिवसाला एक-दोनच ओढतो’ ही तडजोड हृदयाच्या बाबतीत फारशी उपयोगाची नाही. रोज वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोजच्या एकाच सिगारेटीने वाढतो. म्हणून पूर्ण सोडण्याची तारीख ठरवावी. ती पेरणीच्या किंवा सुगीच्या धांदलीत आणि घरच्या लग्नकार्यात येऊ देऊ नये. आदल्या रात्री खिसे, उशी, मोटारसायकलची डिकी आणि विहिरीवरच्या स्टार्टरपेटीत ठेवलेले बंडल, सगळे काडेपेटीसकट बाहेर काढावे. स्टार्टरपेटी बहुतेकजण विसरतात, आणि नेमकी रात्री दोन वाजता तीच आठवते.

सर्वांत अवघड असते ती सकाळची पहिली बिडी, कारण तिच्याशिवाय पोट साफ होत नाही अशी अनेकांची तक्रार असते. ती खोटी नाही. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते आणि ते थांबल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ राहू शकते. उठल्यावर कोमट पाणी, थोडे चालणे, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी यांनी ते दिवस निभावतात. चहा मात्र निम्म्यावर आणावा. धूर थांबल्यावर शरीरातून कॅफीन सावकाश बाहेर पडते, त्यामुळे नेहमीच्याच चहाने धडधड आणि झोपमोड होते, आणि माणूस त्याचा दोष बिडी सोडण्याला देतो.

तलफ काही मिनिटांत ओसरते. पहिले दोन-तीन दिवस ती सर्वांत तीव्र असते. निकोटिनचे च्युइंगम वापरायचे झाल्यास डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि ते नेहमीच्या च्युइंगमसारखे सतत चघळू नये: तिखटसर चव येताच गालाशी दाबून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे, आणि आधी पंधरा मिनिटे चहा घेऊ नये. बिडीऐवजी चुना लावून मळलेली तंबाखू दाढेत धरणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय निव्वळ फसवणूक आहे. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असेल, तर बिडी सोडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तिची मात्रा कमी करावी लागू शकते.

साधारण दिवसभरातच रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरते, खोकला व धाप पुढील काही महिन्यांत कमी होतात, आणि वर्षभराने हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. फुप्फुसांतील नष्ट झालेले वायुकोश परत येत नाहीत, उरलेले वाचतात. सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटला तर घाबरू नये, परंतु बेडक्यातून रक्त पडल्यास विलंब न करता तपासणी करावी, आणि छातीत दाब येऊन घाम फुटल्यास ‘गॅस झाला असेल’ म्हणत न बसता 108 वर फोन करावा. सोडण्याबाबत मोफत सल्ल्यासाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मध्येच एखादी बिडी ओढली गेली, तरी नवी तारीख न शोधता त्याच दिवशी तिथे फोन लावावा.