शिडाच्या होडीचं शाफ्ट बेअरिंग स्वतः कसं बदलायचं

मे संपत आला की गेटवेसमोर मुरिंगवर उभ्या असलेल्या शिडाच्या होड्या पावसाळ्यासाठी बाहेर काढायची घाई सुरू होते. होडी क्रेडलवर चढली की पहिलं काम म्हणजे प्रोपेलर दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून बघणं. खडखड वाजला तर कटलेस बेअरिंग, म्हणजे इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत जाणाऱ्या दांड्याला (शाफ्टला) प्रोपेलरजवळ आधार देणारं बेअरिंग, गेलं समजा. साधारण हिशेब असा की एक इंची शाफ्टला दीड मिलिमीटरपर्यंत ढिलाई आली की बदलायचंच. इंजिन चालू असताना एका ठरावीक स्पीडला अख्खी होडी थरथरते, ते पण बहुतेक वेळा ह्याचंच लक्षण.

हे बेअरिंग म्हणजे पितळेची नळी आणि तिच्या आत रबराचं अस्तर, त्याला उभ्या खाचा. ऑइल नाही, ग्रीस नाही, खाचांतून वाहणारं समुद्राचं पाणीच त्याचं वंगण. आता आपल्या हार्बरचं पाणी कसलं आहे ते ओहोटीला बघा, चहाच! तो गाळ खाचांत बसतो आणि रबर घासत राहतो, त्यामुळे स्वच्छ पाण्यातल्या होडीला जेवढं टिकतं तेवढं इथे टिकेल ही आशा सोडा.

नवीन बेअरिंग आधी आणायचं, जुनं नंतर काढायचं. शाफ्टचा व्यास, नळीचा बाहेरचा व्यास आणि लांबी, तिन्ही मापं व्हर्नियरने घ्या, आणि शाफ्ट जिथे झिजलेला नाही तिथे घ्या. मी पहिल्यांदा नागदेवीला (मुंबईतला हार्डवेअरचा बाजार) जाऊन दुकानात नुसतं "एक इंची द्या" म्हणालो आणि माझा शाफ्ट निघाला 25 मिलिमीटरचा. इंच म्हणजे 25.4, म्हणजे नव्या कोऱ्या बेअरिंगमध्येच जवळजवळ अर्धा मिलिमीटर ढिलाई फुकट, आणि बसवून झाल्यावर कळलं म्हणून सगळं परत खोललं. लांबी बहुतेक शाफ्टच्या चौपट असते.

प्रोपेलर काढताना हातोडी मारू नका, पुलर (स्क्रूने ओढून काढायचं हत्यार) लावा, तो ताणून ठेवा आणि चहा पिऊन या, कधीकधी आपोआप ठक्कन सुटतो. प्रोपेलर शाफ्टवर नुसता फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा तुकडा, म्हणजे चावी, हरवू नका. मग आत जाऊन गिअरबॉक्सकडचं कपलिंग, म्हणजे शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या दोन चकत्या (फ्लँज), खोला. शाफ्ट कपलिंगला गंजून चिकटलेला असतोच, तेव्हा दोन्ही फ्लँजच्या मध्ये शाफ्टपेक्षा थोडा लहान सॉकेट ठेवायचा आणि लांब बोल्ट टाकून थोडे थोडे, सगळे सारखे आवळत जायचे, म्हणजे सॉकेट शाफ्टला मागे ढकलतो. आधी कपलिंगमध्ये शाफ्ट दाबून धरणारे सेट स्क्रू काढले ना, बघा. शाफ्ट बाहेर ओढताना सुकाणू आडवं येतं, ते पूर्ण एका बाजूला वळवा, तरी नाही जमलं तर सुकाणूच उतरवावं लागतं, आणि मग दिवस गेला.

आता खरी मारामारी. पी-ब्रॅकेटवर (होडीच्या तळाखालचा, बेअरिंग धरून ठेवणारा धातूचा आधार) रंगाच्या थरांखाली छोटे, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू लपलेले असतात, ते शोधून काढल्याशिवाय बेअरिंग हलणार नाही. ते निघाले की एक आटेवाली सळई बेअरिंगमधून आरपार घाला. एका टोकाला नळीपेक्षा किंचित लहान जाड वायसर, दुसऱ्या टोकाला बेअरिंग आत मावेल असा पाइपचा तुकडा, त्यावर मोठा वायसर आणि नट. पाना फिरवत राहा, बेअरिंग पाइपात सरकत येतं.

नाहीच आलं तर करवत. हॅक्सॉचं पातं फ्रेममधून सोडवा, बेअरिंगच्या आतून घालून परत फ्रेमला लावा आणि आतून बाहेर असा उभा काप घ्या, समोरासमोर दोन. नव्या बेअरिंगच्या तोंडावर पितळ किती जाड आहे ते आधी बघून ठेवा, जेमतेम असतं. शेवटचे दोन-चार फटके हलक्या हाताने, कारण पातं ब्रॅकेटमध्ये घुसलं तर हजारांचं काम लाखात जातं. मग छन्नीने नळी आतल्या बाजूला दुमडा आणि ओढा.

जुनं फेकू नका. रबर सगळीकडे सारखं झिजलंय म्हणजे गाळ आणि वय. पुढच्या टोकाला वर आणि मागच्या टोकाला खाली, असं तिरकं झिजलं असेल तर इंजिनचं अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत असणं) गेलंय, ते नाही केलं तर नवीन पण तसंच जाईल.

नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये (आमच्याकडे बांगड्यांच्या पिशवीखाली, त्यावरून जे ऐकलं ते सोडा) ठेवलं की पितळ केसभर आकसतं. ब्रॅकेट आतून नीट घासून भांड्याच्या साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, त्याला गाळ चिकटतो. त्याच सळईने हळूहळू आत ओढा, ठोकायचं नाही. ग्रब स्क्रू जिथे येईल तिथे नळीवर उथळ खड्डा पाडून ठेवलेला असला की तो खड्ड्यात बसतो, पण जास्त आवळलात तर नळी दबून शाफ्ट पकडेल.

शाफ्ट साबणपाण्याने आत सरकवा, हाताने फिरला पाहिजे. प्रोपेलर आणि बेअरिंगमध्ये बोटभर फट ठेवा, झिंक ॲनोडही (गंज स्वतःवर घेणारा, शाफ्टवर बसवायचा जस्ताचा तुकडा) बेअरिंगच्या तोंडाला चिकटवू नका, नाहीतर पाणी जाणार कुठून. नट आवळून स्प्लिट पिन नवीन टाका.

अलाइनमेंट मात्र होडी पाण्यात उतरवून एक-दोन दिवस गेल्यावरच करा, कारण जमिनीवर सांगाड्याचा आकार वेगळा असतो. चार इंची कपलिंग असेल तर दोन फ्लँजमधली फट चारही बाजूंना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा, फरक 0.1 मिलिमीटरच्या आत आला पाहिजे. मग गिअर टाकून दहा मिनिटं चालवा आणि ग्लँड, म्हणजे शाफ्ट होडीतून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग, हाताने चाचपा. कोमट ठीक, चटका बसला तर ग्लँडचा नट किंचित ढिला करा, चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत.